निसर्गपाठ : तरवड कसा ओळखावा

देशावरील कोरड्या माळावर, वाटेच्या कडेस व शेताच्या बांधावर तरवडाचे झुडूप विपुल आढळते. नवरात्रात घटास त्याच्या फुलांची माळ घालण्याची चाल अनेक घरी असल्याने मुलांना त्याचे नाव ठाऊक असते. परंतु पुष्कळदा ‘पिवळ्या फुलांचे झुडूप’ एवढीच त्यांची ओळख असते. ही ओळख अपुरी, किंबहुना धोक्याची आहे. तशाच पिवळ्या फुलांचा कासविंदा, म्हणजे रानटाकळा, वस्तीलगतच्या पडीक जागेत उगवतो आणि त्याच्या शेंगांतील बी विषारी असते. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लहान मुलांना होणाऱ्या, यकृत, स्नायू व मेंदू यांच्या प्राणघातक विकाराचा संबंध या शेंगा खाण्याशी असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. केवळ रंगावरून वनस्पती ओळखू नये, हे मुलांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा हेतू होय.

साहित्य : पाने, फुले व शेंगा असलेली तरवडाची फांदी, कासविंद्याची एक डहाळी. कासविंदा शिक्षकांनी स्वतःच हाताळावा. पाठ संपताच मुलांना हात धुण्यास सांगावे.

पान : निरीक्षणास पानापासून आरंभ करावा. तरवडाचे पान संयुक्त असून त्यावर पर्णिकांच्या सुमारे आठ ते बारा जोड्या असतात. पर्णिकेचे टोक बोथट असते. प्रत्येक जोडीच्या मध्ये एक बारीक उभट ग्रंथी असते. ती मुलांकडून शोधवून घ्यावी. देठाच्या बुडाशी दोन्ही अंगांस कानाच्या पाळीसारखी मोठी, गोलसर उपपर्णे असतात. हीच तरवडाची सर्वांत ठळक खूण होय. शास्त्रीय नावातील ‘ऑरिक्युलाटा’ हे पदही लॅटिनमधील ‘छोटा कान’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. लिनीयसने १७५३ साली त्यास ‘कॅशिया ऑरिक्युलाटा’ म्हटले. आता ‘सेना ऑरिक्युलाटा’ हे नाव रूढ आहे.

फूल : पाकळ्या पाच, किंचित असमान व चुणीदार असतात. पुंकेसर दहा, पैकी वरचे तीन खुरटे व वांझ असतात. उरलेल्यांतील पराग टोकाच्या छिद्रांतून बाहेर पडतो.

शेंग : चपटी, पातळ व कागदासारखी असते. आतील बियांची जागा बाहेरून उमटलेली दिसते.

फलकलेखन : पुढील तुलना फळ्यावर लिहावी.
तरवड — पर्णिकांच्या जोड्या आठ ते बारा, टोक बोथट, ग्रंथी प्रत्येक जोडीत, उपपर्णे मोठी व टिकणारी.
कासविंदा — जोड्या बहुधा चार ते सहा, टोक अणकुचीदार, ग्रंथी एकच, देठाच्या बुडाजवळ, उपपर्णे लहान व लवकर गळणारी, पान चुरगळल्यास उग्र दर्प.

प्रश्न : (१) फुले नसताना तरवड कोणत्या खुणांवरून ओळखाल? (२) दोन्ही झाडांच्या ग्रंथींत कोणता भेद दिसला? (३) अनोळखी शेंग तोंडात का घालू नये?

गृहपाठ : मुलांनी तरवडाचे एक पान उपपर्णांसह वहीत दाबून सुकवावे व प्रत्येक भागास नाव द्यावे. धाकट्या भावंडांना कासविंद्याच्या शेंगांपासून दूर ठेवण्याविषयी घरी सांगण्यासही त्यांना बजावावे.