तळकुंड : मत्स्यालयाचें पाणी शुद्ध कसें राहतें ?



काचेच्या पात्रांत मासे पाळण्याचा छंद आपल्या कोल्हापुरांत पुष्कळ घरीं आढळतो. सुटीच्या दिवशीं एखादा उत्साही विद्यार्थी पात्रांतील सर्व पाणी काढून टाकतो. वाळू, दगड व गाळणी नळाखालीं घासून लखलखीत करतो आणि ताजें पाणी भरून समाधान पावतो. चार दिवसांनीं पाहावें तों पाणी स्फटिकासारखें, पण मासे पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकीत आहेत ! "मीं तर सारें स्वच्छ केलें, मग मासे कां मेले ?" हा त्याचा प्रश्न रास्त आहे. बहुतेक वेळां त्याचें उत्तर असें, कीं त्यानें मळाबरोबर मळाचा निकाल लावणारे कामकरीहि धुऊन टाकले. हे कामकरी कोण, आणि त्यांच्यासाठीं घर कसें बांधावें, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

अदृश्य कामकरी

मासा मुख्यतः कल्ल्यांवाटें अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलें अन्न कुजलें म्हणजेहि तोच उत्पन्न होतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु अल्प प्रमाणांतहि माशांस घातक होतो. कांहीं जंतु ह्या अमोनियाचें नायट्राइट करतात, तेंहि विषारीच. दुसरे जंतु नायट्राइटाचें नायट्रेट करतात. तें पुष्कळच सौम्य असून वनस्पतींचें अन्न होतें.

हें कार्य सजीवांचें आहे हें कसें कळलें ? 1877 सालीं श्लोझिंग व म्युंट्झ ह्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळू व खडू भरलेल्या उंच नळींतून गटाराचें पाणी हळूहळू पाझरविलें. सुमारें वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. नंतर मात्र खालीं येणाऱ्या पाण्यांत अमोनियाच्या जागीं नायट्रेट आढळूं लागलें. मग त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तों तें कार्य थांबलें. जें गुंगीच्या औषधानें थांबतें तें केवळ रासायनिक नव्हे, हें उघड झालें. पुढें 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें असे जंतु वेगळे करून दाखविले. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचें सर्व काम एकटाच करणारा जंतुहि आहे, हें तर 2015 सालीं उघडकीस आलें.

ह्या प्रयोगांतून आपण दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली धीर : नव्या पात्रांत जंतूंची वसति होण्यास कित्येक आठवडे लागतात, म्हणून आरंभीं मासे थोडेच सोडावे. दुसरी सावधपणा : नळाच्या पाण्यांतील क्लोरीन हें ह्या जंतूंस मारक आहे. म्हणून गाळणी पात्रांतूनच काढलेल्या पाण्यांत हलक्या हातानें खळबळावी, आणि भरावयाचें पाणी निदान एक दिवस उघड्या भांड्यांत ठेवावें.

तळकुंडाची रचना

जंतूंस राहण्यास पुष्कळ पृष्ठभाग व भरपूर प्राणवायु लागतो. शोभेच्या पात्रांत एवढी जागा कोठून आणावी ? म्हणून पात्राखालीं दुसरें कुंड ठेवतात. इंग्रजींत त्यास 'सम्प' म्हणतात. आपण त्यास तळकुंड म्हणूं. ही कल्पना नवी नाहीं. 1871 सालीं लंडनजवळील क्रिस्टल पॅलेस येथें विल्यम आल्फर्ड लॉइड ह्यानें समुद्रांतील जीवांसाठीं जें मत्स्यालय उभारलें, त्यांत प्रेक्षकांच्या पात्रांहून कितीतरी मोठें कुंड जमिनीखालीं अंधारांत होतें, व पंपानें पाणी सतत खेळतें ठेविलें होतें.

वरच्या पात्राच्या कडेशीं एक सांडवा असावा. राधानगरीच्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक उंचीस पोहोंचलें म्हणजे आपोआप उघडतात. तद्वत् पात्रांतील पाणी सांडव्याच्या वर चढलें कीं आपोआप नळींतून खालीं उतरावें. तळकुंडाचे तीन कप्पे करावे. पहिल्यांत स्पंज ठेवून विष्ठा व कचरा अडवावा. तो वरचेवर धुवावा. दुसऱ्यांत भाजलेल्या विटेचे स्वच्छ तुकडे किंवा तत्सम सच्छिद्र पदार्थ भरावे. हें जंतूंचें घर होय, ह्यास शक्यतों हात लावूं नये. तिसऱ्यांत पंप ठेवावा. तो पाणी पुन्हां वर पोहोंचवितो. बाष्पीभवनानें होणारी घट ह्याच कप्प्यांत दिसते, म्हणून उन्हाळ्यांत रोज लक्ष ठेवून भर घालावी. नाहीं तर पंप कोरडा चालून जळेल.

थोडें गणित

समजा, वरचें पात्र आंतून 120 सें. मी. लांब व 45 सें. मी. रुंद असून पाणी 45 सें. मी. खोल आहे. म्हणजे पाणी 243 लिटर झालें. तें तासांत चार वेळां फिरावें असें धरल्यास सुमारें 1000 लिटरांचा पंप लागेल. परंतु पाणी जितकें उंच चढवावें तितकी पंपाची गति घटते, म्हणून थोडा मोठाच घ्यावा.

आतां खरी परीक्षा. वीज गेली तर ? पंप थांबतांच वर जाणारी नळी उलट सायफनासारखी वाहूं लागते, आणि तिचें तोंड उघडें पडेपर्यंत पाणी खालीं येत राहतें. तळकुंड 90 सें. मी. लांब, 35 सें. मी. रुंद व 40 सें. मी. उंच असून त्यांत सरासरी 25 सें. मी. पाणी असेल, तर मोकळी जागा सुमारें 47 लिटर उरते. नळीचें तोंड पृष्ठभागाखालीं 3 सें. मी. असल्यास 16 लिटर पाणी उतरेल व तळकुंडाची पातळी 5 सें. मी. हून किंचित् अधिक वाढेल, भय नाहीं. परंतु शोभेसाठीं तेंच तोंड 30 सें. मी. खोल नेलें असेल, तर 162 लिटर पाणी उतरूं पाहील, आणि सुमारें 115 लिटर घरांत पसरेल ! म्हणून नळीस पृष्ठभागाच्या किंचित् खालीं एक लहान छिद्र पाडावें, म्हणजे हवा शिरून सायफन तुटेल. तें छिद्र शेवाळानें बुजतें, म्हणून तें वरचेवर पाहावें. आणि मासे सोडण्यापूर्वी एकदां मुद्दाम वीज बंद करून परीक्षा घ्यावी.

नदीकडे पाहा

कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती ह्यांच्या पात्रांतील दगडांस हात लावला तर ते बुळबुळीत लागतात. त्या बुळबुळीत थरांत हेच कामकरी इतर असंख्य सूक्ष्म जीवांसह राहतात. ते पंचगंगेचें तळकुंडच म्हणावयाचें. परंतु प्रत्येक तळकुंडास मर्यादा असते. शहराचें सांडपाणी व कारखान्यांची मळी त्या मर्यादेपलीकडे नदींत आली, कीं पाण्यांतील प्राणवायु संपतो, आणि मग उन्हाळ्यांत खालच्या बंधाऱ्यांपाशीं मेलेल्या माशांचा खच दिसतो. असे प्रसंग अलीकडच्या वर्षांत वारंवार घडले आहेत. घरच्या पात्रांतील चूक आपण पाणी बदलून सुधारूं शकतों. नदीचें पाणी बदलून देणारा कोणी नाहीं. ज्यास आपल्या दहा माशांसाठीं हिशेब करावयाची संवय लागली, त्यानें तोच हिशेब नदीकांठीं उभें राहून एकदां करून पाहावा.