लाल विंचवाच्या मुलखात मुक्काम

कोकणात किंवा घाटमाथ्यावर मुक्कामी भटकंतीला जाणाऱ्यांनी लाल विंचवाला सापाइतकंच गांभीर्याने घ्यायला हवं. शास्त्रीय नाव हॉटेंटोटा टॅम्युलस. लांबी साधारण पाच ते नऊ सेंटिमीटर, म्हणजे नजरेतून सहज सुटेल एवढाच जीव.

गडावर धिप्पाड काळी इंगळी दिसली की सगळे ओरडतात. तिचे आकडे जाडजूड, पण विष तुलनेने सौम्य. लाल विंचवाचं उलट आहे. आकडे बारीक, नाजूक. शेपूट मात्र भरदार, टोकाला फुगीर विषाची पिशवी आणि वाकडी नांगी. रंग तांबूस-नारिंगी ते मळकट तपकिरी, पाय फिकट पिवळसर. जांभ्या दगडावर बसला तर दगडातच मिसळून जातो. म्हणून रंगापेक्षा आधी आकडे बघा.

दिवसा तो दगडाखाली, सुटलेल्या सालीखाली, लाकूडफाट्यात किंवा भिंतीच्या भेगेत असतो आणि अंधार पडल्यावर किडे टिपायला निघतो. आपण होऊन अंगावर येत नाही, दाबला गेला की नांगी मारतो. त्यामुळे चुलीसाठी दगड उचलताना आधी काठीने उलटवा, खाली हात घालू नका. रात्री चार पावलं जायचं असलं तरी बूट घाला, आणि घालण्याआधी झटका. अंथरूण झोपायच्या वेळीच पसरा. अतिनील टॉर्च जवळ असेल तर मुक्कामाची जागा एकदा फिरून बघा. त्या प्रकाशात विंचू हिरवट-निळा चमकतो.

चावलाच तर? दंशाच्या जागी नुसतीच आग होत असेल तर बहुतेक वेळा धोका कमी असतो. पण वेदना कमी म्हणून निर्धास्त राहू नका. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणं, धडधड, ही विष अंगात भिनल्याची लक्षणं आहेत. पुढे फुप्फुसांत पाणी भरून दम लागतो. लहान मुलांना धोका सर्वाधिक.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांवर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून दाखवलं. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे 30 ते 40 टक्के दगावत. हे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आलं. एका तालुक्याच्या गावातून जगाला मिळालेला हा उपचार आहे, आणि त्याबद्दल आपण त्यांचे कायम ऋणी राहायला हवं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध आणि विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दोन्ही डॉक्टरांच्याच हातची. आपल्या मनाने गोळी घेऊ नका. औषध जितकं लवकर मिळेल तितकं बरं, म्हणून मांत्रिक, पाला, चिरा देणं, घट्ट बांधणं यात एक मिनिटही घालवू नका. चावलेल्याला धीर द्या, शक्य तितकं कमी चालवा आणि 108 ला फोन करा.

गडावर रेंज नसते. तेव्हा निघण्याआधीच पायथ्याच्या गावात विचारून घ्या: जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, आणि रात्री गाडी कोणाची मिळेल.