जुन्या चिनी वाडग्यात फुलझाड लावावं का?

प्रश्न : आजीच्या कपाटात निळ्या नक्षीचा चिनी मातीचा जुना वाडगा सापडला. तळाला भोक पाडून त्यात फुलझाड लावू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : फुलझाड जरूर ठेवा, पण भोक पाडू नका. जुनं भांडं ड्रिलखाली तडकलं तर गेलंच, आणि शाबूत राहिलं तरी त्याचं मोल उतरतं. चीनमधले कुंभार भोक पाडत ते भांडं कच्चं असतानाच, भट्टी लागण्याआधी. तिथल्या ज्युन प्रकारच्या नावाजलेल्या फुलकुंड्यांच्या तळाला अशी भोकं आहेत, शिवाय आकारानुसार एक ते दहा असे आकडेही उमटवलेले आहेत.

बिनभोकाच्या पसरट भांड्यात मात्र चिनी लोक नर्गिसचे कंद ठेवतात. माती नाहीच, नुसते गोटे आणि पाणी. कंदात अन्नाचा साठा असतो, त्यामुळे नववर्षाच्या सुमारास घरभर वास दरवळतो. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात उत्तर सोंग काळातली (960–1127) अशी नर्गिसपात्रं आहेत. लंबगोल, चार बुटक्या पायांची, पाऊस ओसरल्यावरच्या आभाळाच्या रंगाची. त्यांतल्या एकाच्या तळावर अठराव्या शतकातल्या छ्येनलुंग सम्राटाने कविता कोरवून घेतली आणि तीत, हे कुत्र्याच्या खाण्याचं भांडं असल्याची वदंता नोंदवली! एवढ्या देखण्या वस्तूचा उपयोगही लोक विसरू शकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुमचा वाडगा. आधी त्याला हलकी टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर कुठेतरी भेग आहे, त्यात पाणी घालू नका. चांगलं पोर्सलीन सुमारे 1300 अंशांवर भाजलेलं असतं, ते पाणी शोषत नाही. तांबड्या कुंडीतून ओल झिरपते, इथे ती साचून मुळं कुजतात. म्हणून झाड लहान कुंडीतच राहू द्या, ती कुंडी वाडग्यात खड्यांच्या थरावर ठेवा आणि साचलेलं पाणी ओतून टाका. खताचे क्षार बारीक भेगांत शिरले की डाग जात नाहीत. सोनेरी काठ असेल तर तो घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, तेव्हा कोथिंबीर-पुदिना त्यात नको.

नर्गिसचे कंद मिळाले तर थंडीत लावून बघा. पाणी कंदाच्या बुडाला जेमतेम टेकेल इतकंच ठेवा; साधारण सव्वा महिन्यात फुलं येतात.