ड्रोनचा सराव आणि वैमानिक प्रमाणपत्र

फवारणीसाठी ड्रोन मिळालेल्या गटांतून पुष्कळदा असा प्रश्न येतो : "आम्ही अद्याप कोणाच्या शेतावर पैसे घेऊन फवारणी करीत नाही. टाकी रिकामी ठेवून आमच्याच पडीक रानात हात बसवीत आहोत. मग प्रमाणपत्राची घाई कशाला?" घरचा ट्रॅक्टर घरच्याच शेतात शिकण्याची आपल्याकडे वहिवाट असल्याने हा प्रश्न साहजिक आहे. परंतु ड्रोनच्या बाबतीत ही समजूत चुकीची असून ती महागात पडू शकते.

नियम काय पाहतो?

केंद्र शासनाचे ड्रोन नियम 25 ऑगस्ट 2021 रोजी प्रसिद्ध झाले. त्यांत सरावाचे उड्डाण आणि कामाचे उड्डाण असा भेद केलेला नाही. वजन किती आणि हेतू कोणता, या दोनच गोष्टींवर प्रमाणपत्राची गरज ठरते.

250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात मोडतो. तो चालविणाऱ्यास प्रमाणपत्र लागत नाही. 250 ग्रॅमहून अधिक व 2 किलोपर्यंतचा ड्रोन मायक्रो वर्गाचा होय. तो व्यवसायासाठी वापरावयाचा नसेल तरच प्रमाणपत्रातून सूट आहे. 2 किलोहून अधिक व 25 किलोपर्यंतचा ड्रोन लहान वर्गात, तर त्यापुढे 150 किलोपर्यंतचा मध्यम वर्गात येतो. या वर्गांना हेतू कोणताही असला तरी प्रमाणपत्र आवश्यकच आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वर्ग ठरविताना भारासह कमाल वजन धरले जाते. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो भार. टाकी रिकामी केल्याने ड्रोन हलका होतो, पण त्याचा वर्ग बदलत नाही. म्हणून फवारणीचा ड्रोन रिकाम्या टाकीने, स्वतःच्या रानात, एक पैसाही न घेता उडविला तरी प्रमाणपत्र हवेच.

पिकाची छायाचित्रे घेण्यासाठी मायक्रो ड्रोन बाळगणाऱ्यांनीही पुढे त्यावर उत्पन्न मिळवावयाचे असल्यास सूटीवर विसंबू नये. प्रथम प्रमाणपत्र घ्यावे.

प्रमाणपत्र कोणाचे?

प्रमाणपत्र व्यक्तीला मिळते, गटाला नाही. नमो ड्रोन दीदी योजनेत निवडलेल्या भगिनीस 15 दिवसांचे प्रशिक्षण असून त्यांतील 5 दिवस वैमानिक प्रशिक्षणाचे आहेत. तिच्या पतीने किंवा मुलाने "जरा हात साफ करून घेतो" म्हणून ड्रोन उडविणे नियमाला धरून नाही. ड्रोन सहायकाचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्तीही त्यामुळे वैमानिक होत नाही.

प्रमाणपत्रासाठी वय 18 ते 65 वर्षे असावे, दहावी उत्तीर्ण असावे व नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण घ्यावे. प्रमाणपत्राची मुदत 10 वर्षे असते. ते ज्या वर्गासाठी मिळाले त्याच वर्गाचा ड्रोन चालवावा.

मग सराव कोठे करावा?

प्रमाणपत्रापूर्वीचा सराव प्रशिक्षण संस्थेत, शिक्षकाच्या देखरेखीखाली करावा. संगणकावरील आभासी उड्डाणानेही हात पुष्कळ बसतो. प्रमाणपत्र मिळाल्यावर औषधाऐवजी साधे पाणी भरून स्वतःच्या शेतात सराव करावा. त्यापूर्वी ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक मिळालेला आहे, त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा उतरविलेला आहे व आपले शेत नकाशावर हिरव्या क्षेत्रात आहे, याची खात्री करावी. हिरव्या क्षेत्रातही 400 फुटांवर जाऊ नये. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट आहे. त्याहून जवळ परवानगीवाचून उड्डाण करू नये.

नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु दंडाहून मोठा प्रश्न जीविताचा आहे. फिरत्या पात्यांखाली शेजारच्या रानातील मजूर आला, तर "मी शिकत होतो" हे उत्तर पुरेसे होत नाही. अपघात बहुधा शिकाऊ हातूनच घडतो. सरावाला नियमातून वेगळी सूट नाही, यामागील शहाणपण हेच होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटास ड्रोन मिळताच चालविणाऱ्याचे प्रमाणपत्र, ओळख क्रमांक व विमा ही तीन कागदपत्रे स्वतः पाहावीत आणि मगच पहिले उड्डाण होऊ द्यावे.