पन्नाशीच्या उंबरठ्यावर दात सरळ करताना

वेडेवाकडे दात म्हणजे शाळा-कॉलेजातल्या मुलांचा प्रश्न, असं आपल्याकडे धरून चालतात. खरं तर चाळिशीनंतर खालचे पुढचे दात हळूहळू एकमेकांवर चढायला लागतात, आणि ज्यांचे तरुणपणी सरळ होते त्यांचेही चढतात. अक्कलदाढ मागून ढकलते म्हणून असं होतं, हा समज जुना आहे. अक्कलदाढा काढून टाकलेल्यांचेही दात गर्दी करतात. माझ्या खालच्या ओळीत तेच झालं होतं. वरचा एक पटाशीचा दात तर लहानपणापासूनच शेजारच्यावर चढलेला. त्या सांदीत अन्न अडकायचं, ब्रश पोचायचा नाही, हिरडी सुजायची. मी सोनगीरला शाळेत शिकवते. धुळ्याला जाऊन पारदर्शक ट्रेची, म्हणजे अलायनरची, ट्रीटमेंट घेतली आणि ती पूर्ण केली. तेव्हापासून माझ्या वयाच्या बाया विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

१. वय आडवं येत नाही, हिरड्या येतात.
दात सरकतो तो भोवतालच्या हाडातून. हे हाड जिवंत असतं, पन्नाशीतही आणि साठीतही. पण पायोरिया असेल तर ते आधीच खाली गेलेलं असतं, आणि अशा दातावर जोर दिला की तो सरळ होण्याऐवजी हलायला लागतो. म्हणून आधी ओपीजी एक्स-रे, मग दातांची सफाई, मग हिरड्या ताळ्यावर येईपर्यंत थांबणं. माझ्या डॉक्टरांनी हिरड्यांतलं रक्त थांबेपर्यंत माप घेतलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. हाडं ठिसूळ झाल्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगायचं, कारण त्यांतल्या काही औषधांनी दात सरकण्याचा वेग बदलतो. आणि मिशरी. आपल्याकडच्या कितीतरी आयाबाया रोज सकाळी मिशरी लावतात आणि तिला व्यसन म्हणत नाहीत. ती तंबाखूच आहे. ती सुटल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

२. ट्रे कुणाचा हे नंतर. तोंड कोण बघणार हे आधी.
ही पद्धत कॅलिफोर्नियातल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीनं आणली. कंपनी १९९७ सालची. अमेरिकी सरकारची परवानगी १९९८ मध्ये मिळाली. 'इन्व्हिसअलाइन' हे नाव त्यांचं. त्यांची सुरुवातीची महत्त्वाची पेटंटं २०१७ पासून संपत गेली आणि मग बाजार खुला झाला. आता मुंबईची लक्ष्मी डेंटलसारखी कंपनीही अलायनर बनवते. त्यामुळे पर्याय भरपूर आहेत, पण ट्रे हा शेवटी प्लास्टिकचा तुकडाच. कोणता दात किती आणि कोणत्या क्रमानं सरकवायचा, हे ठरवणारा माणूस महत्त्वाचा. दात सरळ करण्याच्या शाखेत एमडीएस केलेला डॉक्टर शोधा आणि तसं स्पष्ट विचारा. विचारण्यात संकोच कसला?

घरबसल्या माप पाठवा, ट्रे टपालानं येतील, अशा जाहिरातींपासून लांब राहा. अमेरिकेत स्माइल-डायरेक्ट-क्लब नावाची मोठी कंपनी हाच धंदा करत होती. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली आणि अर्ध्या ट्रीटमेंटमध्ये असलेली माणसं वाऱ्यावर राहिली. आपल्याला तर लांब जायची गरजही नाही. सोनगीरहून धुळं वीसेक किलोमीटर, आग्रा रोडनं सरळ. तिथं साक्री रस्त्यावर जवाहर मेडिकल फाउंडेशनचं ए.सी.पी.एम. दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात हिरड्यांचा विभाग आणि दात सरळ करण्याचा विभाग एकाच आवारात असतात, आणि खर्चही बहुधा खासगीपेक्षा कमी येतो. ट्रे घ्यायचे नसले तरी दुसरं मत घ्यायला अशी जागा उत्तम.

३. घाई केली तर दात अडतो.
एका ट्रेनं दात साधारण पाव मिलिमीटर सरकतो. मग पुढचा ट्रे, आठवड्या-दोन आठवड्यांनी. दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंचं अस्तर असतं. दाब पडतो त्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागे सुटलेल्या जागेत नवं हाड भरतं. दाब फार झाला तर त्या अस्तराचा रक्तपुरवठाच दबतो आणि काम थांबतं. आमच्या गावात तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांचे हातोडे पिढ्यान्‌पिढ्या वाजत आले आहेत. शेजारचे तांबटकाका सांगतात, तांबं ठोकून ठोकून कडक होतं. तसंच पुढे ठोकलं तर तडकतं, म्हणून मधे भट्टीत घालून नरम करावं लागतं. हाडालाही तशीच मधली उसंत हवी. ट्रे लवकर लवकर बदलून महिने वाचवायचा विचार मनात आणू नका.

४. बावीस तास, आणि आपला चहा.
खरी परीक्षा इथं आहे. ट्रे दिवसातून २० ते २२ तास तोंडात हवा. म्हणजे जेवण, नाश्ता, ब्रश, सगळ्याला मिळून फार तर दोन-चार तास. ट्रे असताना साधं पाणी तेवढं चालतं. गरम चहानं प्लास्टिक वाकतं, साखर आत अडकून दात किडतात, वर पिवळा डाग पडतो. आणि खान्देशात माणूस दारात आला की चहा ठेवायचाच. सकाळी एक, शाळेत मधल्या सुट्टीत एक, कुणाकडे हळदीकुंकवाला गेलं तर एक, संध्याकाळी पाहुण्यांबरोबर एक. दर वेळी ट्रे काढला, गप्पा मारल्या, मग घातला, तर दिवसाचे चार-पाच तास सहज जातात आणि दात मागे फिरतो. मी चहा नाश्त्याला आणि जेवणाला जोडून घेतला. बाकी वेळी हात जोडून पाणी मागायचं आणि कारण सांगायचं. कारण सांगितलं की कुणी रागावत नाही. न सांगता नको म्हटलं की मात्र यजमानीण मनाला लावून घेते.

५. दातांवर बारीक गोळे आणि दातांमध्ये घासणं, हे दोन्ही आधी विचारून घ्या.
पुष्कळ जणी ऐन वेळी घाबरतात. ट्रेला धरायला दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात. शेवटी ते काढून टाकतात. आणि जागा करायला दोन दातांच्या मधे एखाद्या मिलिमीटरचा दोन-तीन दशांश भाग घासतात. वरचं कवच त्यापेक्षा जाड असतं, त्यामुळे मापात केलं तर धोका नाही. पण किती आणि कुठं घासणार, ते आधी कागदावर दाखवायला सांगा.

६. बोलणं अडखळतं, मग सुटतं.
पहिले काही दिवस 'चमचा', 'जग', 'झाड' असले शब्द जिभेला जड जातात. वर्गात मोठ्यानं धडा वाचत राहिले, जीभ आपोआप वळणावर आली.

७. डबी.
ट्रे काढला की डबीत. रुमालात, कागदात, ताटाच्या कडेला नाही. लग्नाच्या पंगतीत कागदाच्या रुमालात गुंडाळलेला ट्रे खरकट्याबरोबर जातो आणि मग नवा करून येईपर्यंत दात रिकामे. मे महिन्यातल्या धुळ्याच्या उन्हात बंद गाडीत डबी ठेवू नये, ट्रे गरम पाण्यानं धुऊ नये. दोन्हींनी तो आकार सोडतो. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी, काहीही सोडावं लागत नाही, हा ट्रेचा तारांपेक्षा मोठा फायदा. फक्त खाऊन झाल्यावर ब्रश केल्याशिवाय ट्रे परत घालायचा नाही. हळद प्लास्टिकवर बसली की निघत नाही.

८. "या वयमा कसाले व माय?"
हा प्रश्न शेजारणींनी विचारला, नात्यातल्यांनीही विचारला. यामागे बाईच्या वयाबद्दल एक समजूत आहे: मुलांची लग्नं जवळ आली की तिनं आपल्या तोंडाकडे बघू नये. मला हे मान्य नाही. स्वच्छ घासता येतील असे दात पुढची तीस वर्षं हवेत, म्हणून मी हे केलं. आणि हसताना पदर तोंडावर न्यायची सवय सुटली, याचा मला आनंद आहे. तोही माझा हक्कच आहे.

९. सगळं चित्रासारखं होत नाही.
संगणकावर शेवटचे दात दाखवतात, तो अंदाज असतो. आपल्या वयात हिरड्या थोड्या उतरलेल्या असतात; दात सरळ झाले की दोन दातांच्या मुळाशी काळा त्रिकोण दिसू शकतो. माझ्या खालच्या ओळीत तसा एक दिसतो आणि तो राहणार. बहुतेकांना शेवटी थोडे जादा ट्रेही लागतात. त्यांचे पैसे ठरलेल्या रकमेत धरले आहेत का, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. एकूण खर्च दातांच्या गुंत्यानुसार आणि कंपनीनुसार ५०-६० हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत जातो. गुंता फार असेल तर तारा स्वस्त पडतात आणि काही बाबतीत त्यांचं काम अधिक पक्कं होतं; डॉक्टरांनी तारा सुचवल्या तर ऐका.

१०. रिटेनर कायमचा.
ट्रे संपले की ट्रीटमेंट संपली असं नाही. दात जुन्या जागी जायला बघतात, आणि वयानुसार होणारी गर्दी तर चालूच असते. माझ्या खालच्या दातांना आतून बारीक तार चिकटवलेली आहे आणि रात्री मी रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा, घालते. हे जन्मभर करायचं आहे. ज्यांना हे जमणार नाही असं आधीच वाटतं, त्यांनी पैसे घालू नयेत.

ज्या मैत्रिणी आणि भगिनी हे वाचून धुळ्याला किंवा जळगावला जायचा विचार करतील, त्यांना एकच विनंती: ब्रश करताना रक्त येत असेल तर ट्रेची चौकशी राहू द्या, या महिन्यात आधी हिरड्या दाखवून या.