डॉक्टरकीच्या शेजारची वाट : जैववैद्यकशास्त्राचे शिक्षण



दरवर्षी नीटचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी घरांत बोलणे बंद होते. मुलगी हुशार असते, दोन वर्षे क्लासची फी भरलेली असते, पण एमबीबीएसला लागणारे गुण मिळत नाहीत. मग पुन्हा एक वर्ष रिपीट, कधी दोन वर्षे. तोवर घरातला पैसा आणि मुलीचा धीर दोन्ही संपतात आणि ती मिळेल त्या कॉलेजात नाव घालते. डॉक्टर झाली तर शिकली, नाहीतर वाया गेली, असे आपण नकळत ठरवून टाकलेले असते.

आरोग्याचे क्षेत्र एवढे अरुंद नाही. डॉक्टर रोग्याला तपासतो, पण रोग कशामुळे झाला, तो रक्तात कसा ओळखायचा, त्यावर औषध किंवा लस कशी करायची, हे शोधणारे लोक वेगळे असतात. त्यांच्या शास्त्राला जैववैद्यकशास्त्र म्हणतात. इंग्रजी नावाने ते बायोमेडिकल सायन्स म्हणून ओळखले जाते. या महिन्याच्या आरोग्य पानावर त्याचीच माहिती घेऊ.

हे शास्त्र काय करते?

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. विदर्भात आदिवासी समाजांबरोबर आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेल आढळतो. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखतात. पूर्वी यावर अंगारे-धुपारे चालत. मग १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमका बदल शोधला. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका ठिकाणी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येते. एवढा एक मणी बदलल्याने सगळा आजार उभा राहतो. पॉलिंग हे रसायनशास्त्रज्ञ होते, दवाखान्यातले डॉक्टर नव्हते.

आज शाळेत किंवा आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी होते, ती याच ज्ञानावर उभी आहे. आधी सोल्युबिलिटी चाचणी करतात. रक्ताचा थेंब ठरावीक द्रावणात टाकला आणि द्रावण गढूळ झाले, तर सिकलचे हिमोग्लोबिन आहे असे कळते. पण माणूस नुसता वाहक आहे की आजारी, हे या चाचणीने कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. ती नीट झाली तरच लग्नाआधी मुलामुलींना खरा सल्ला देता येतो. कारण आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे त्या प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाच्या हाती एका कुटुंबाचे पुढचे आयुष्य असते.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे पुण्यात पसरला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, हे आपण सर्व जाणतो. त्याच वर्षी मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. हाफकिनही वैद्यकाचे डॉक्टर नव्हते. ते प्राणिशास्त्र शिकलेले शास्त्रज्ञ होते. परळची हाफकिन संस्था आज त्यांच्याच नावाने आहे. रोग्याला उचलून आणणारे हात जेवढे लागतात, तेवढेच लस शोधणारे डोकेही लागते.

दोन वाटा, आधी फरक ओळखा

या क्षेत्रात बारावीनंतर मुख्यतः दोन वाटा आहेत. पालकांनी त्यांतला फरक प्रवेशाआधीच समजून घ्यावा, कारण बहुतेक फसगत येथेच होते.

पहिली वाट तंत्रज्ञाची. मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीची पदविका म्हणजे डीएमएलटी, किंवा त्याच विषयाची पदवी. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असा आहे. या वाटेने लवकर कमावता येते. रुग्णालय, रक्तपेढी, खासगी लॅब येथे काम मिळते. सरकारी भरतीत प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी, रक्तपेढी वैज्ञानिक अधिकारी, प्रयोगशाळा सहाय्यक अशी पदे निघतात. पण एक गोष्ट आधीच माहीत हवी. डीएमएलटी झाल्यावर स्वतःची लॅब टाकून रिपोर्टवर सही करता येईल, असे काही संस्था सांगतात. ते खरे नाही. पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही रिपोर्टवर हवी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निर्णय आहे.

दुसरी वाट शास्त्रज्ञाची. येथे बी.एस्सी., एम.एस्सी. आणि जमल्यास पीएच.डी. अशा पायऱ्या चढाव्या लागतात. बायोमेडिकल सायन्सच्या पदवीत शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, पेशी व जनुके, सूक्ष्मजीव, रोगप्रतिकारशक्ती, औषधशास्त्र, विषशास्त्र असे विषय असतात. म्हणजे डॉक्टर जे शिकतो त्यातले बरेच, पण रोगी तपासण्याऐवजी प्रयोग करण्याच्या दृष्टीने. ही पदवी घेऊन नावापुढे डॉक्टर लावून दवाखाना टाकता येत नाही. नुसत्या बी.एस्सी.वर मिळणारी नोकरी बेताच्या पगाराची असते. या वाटेचे खरे फळ एम.एस्सी.नंतर मिळते. बायोमेडिकल इंजिनिअरिंग हे आणखी वेगळे, त्यात रुग्णालयातली यंत्रे बनवणे व सांभाळणे शिकवतात. नावावरून गोंधळ करू नका.

मग कोणती वाट घ्यावी? घरात कमावणारे एकच माणूस असेल आणि तीन-चार वर्षांत पगार येणे गरजेचे असेल, तर पहिली वाट निःसंकोच घ्या. मुलाला 'असे का होते' हा प्रश्न पडत असेल आणि शिष्यवृत्तीच्या आधाराने घर पाच-सहा वर्षे तग धरू शकत असेल, तर दुसरी. पहिल्या वाटेने गेलेल्या मुलालाही पदवी असेल तर पुढे शिकण्याचे दार उघडे राहते. म्हणून शक्य असेल तर पदविकेपेक्षा पदवी निवडावी.

शिकायचे कोठे?

दिल्ली विद्यापीठात डॉ. बी. आर. आंबेडकर सेंटर फॉर बायोमेडिकल रिसर्च नावाचे केंद्र आहे. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वेळी, १९९१ साली ते स्थापन झाले. तेथे जैववैद्यकशास्त्रात एम.एस्सी. व पीएच.डी. करता येते. त्याच विद्यापीठाच्या आचार्य नरेंद्र देव कॉलेज, भास्कराचार्य कॉलेज आणि मुलींसाठी असलेले शहीद राजगुरू कॉलेज येथे बायोमेडिकल सायन्सची बी.एस्सी. आहे. प्रवेश सीयूईटी या परीक्षेतून होतो. बाबासाहेबांच्या नावाच्या त्या केंद्रात आपल्या वस्तीतली मुलेही पोहोचली पाहिजेत.

महाराष्ट्रात याच नावाची पदवी फारशी दिसत नाही. म्हणून अडून बसू नका. सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, प्राणिशास्त्र यांतली बी.एस्सी. घेतली तरी पुढे त्याच प्रयोगशाळांत जाता येते. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत या विषयांची एम.एस्सी. आहे. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम हवा असेल तर पुण्याची आयसर ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिची प्रवेश परीक्षा वेगळी असते.

पुढे कामे कोणती?

औषध व लस कंपन्यांत गुणवत्ता तपासणी आणि उत्पादन ही मोठी भरतीची जागा आहे. रुग्णालयांत नव्या औषधांच्या चाचण्या चालतात, तेथे क्लिनिकल रिसर्चचे समन्वयक लागतात. वंध्यत्व उपचार केंद्रांत भ्रूणतज्ज्ञ, मोठ्या रुग्णालयांत जनुकीय समुपदेशक, न्यायवैद्यक प्रयोगशाळांत वैज्ञानिक सहायक, अन्न व औषध प्रशासनात तपासणीची तांत्रिक पदे, शिवाय महाविद्यालयांत प्राध्यापक, अशी ही यादी आहे.

संशोधन करायचे असेल तर सीएसआयआर-नेट ही परीक्षा द्यावी लागते. त्यात ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर पीएच.डी. करताना घरून पैसे मागवावे लागत नाहीत. २०२३ पासून ही फेलोशिप दरमहा ३७,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. पुण्यात बार्टी ही संस्था अनुसूचित जातीच्या संशोधक विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची फेलोशिप देते. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र, खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र, मुंबईची रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था, ही सगळी आपल्याच राज्यात आहेत. जानेवारी २०२० मध्ये देशातल्या पहिल्या कोरोना रुग्णाचे निदान पुण्याच्या विषाणू संस्थेतच पक्के झाले होते.

'रक्त-लघवी तपासायचे काम?'

काही घरांत आजी-आजोबांचा एक आक्षेप असतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आम्ही मेलेली ढोरे ओढणे सोडले, आता नातवाने शिकून लोकांची लघवी आणि थुंकी तपासायची का?

उत्तर असे की ते काम जन्मावरून लादलेले होते. त्याला मोबदला नव्हता, मान नव्हता आणि नाही म्हणण्याची मुभा नव्हती. प्रयोगशाळेतले काम शिक्षणाने मिळवलेले आहे. हातात मोजे असतात, महिन्याला पगार असतो आणि त्या तपासणीवर डॉक्टरसुद्धा अवलंबून असतो. तेथे कोणत्याही जातीचा माणूस बसलेला असतो. थुंकीतला टीबीचा जंतू वेळेवर सापडला तर अख्खी चाळ वाचते. अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत पडून राहिलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदांसह स्वतःच्या हाताने धुतले, ही कथा आपण विहारात ऐकतो. आजाऱ्याच्या सेवेत घाण नसते, ती माणसाला जन्मावरून घाणीशी बांधण्यात असते.

पैसा आणि कागदपत्रे

आपली मुले गुणांपेक्षा कागदांत जास्त अडकतात. म्हणून अकरावीतच पुढील तयारी सुरू करा.

जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र आधी काढा. बारावीच्या निकालानंतर धावाधाव केली तर प्रवेशाची तारीख निघून जाते. केंद्रीय विद्यापीठांत केंद्र सरकारच्या नमुन्यातला दाखला लागतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती मिळतात, पण दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख नसून केवळ 'नवबौद्ध' असेल तर अडचण येते. हा दाखला वेगळा मागून घ्या.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवर भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपची योजना पाहा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणासाठी थेट खात्यात पैसे मिळतात, त्याच्या गुणांच्या आणि इतर अटी समाजकल्याण कार्यालयात विचारा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि आधारशी जोडलेले मुलाच्या नावाचे बँक खाते तयार ठेवा.

प्रवेशाआधी चार प्रश्न

चौकात 'पॅरामेडिकल'चे फलक पुष्कळ लागतात. पैसे भरण्याआधी हे चार प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा :

१. प्रमाणपत्र कोणते विद्यापीठ किंवा मंडळ देणार? संस्थेचेच नाव सांगितले तर उठून या.
२. या शिक्षणावर महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी होते का?
३. प्रत्यक्ष कामाचे शिक्षण कोणत्या रुग्णालयात आणि किती महिने?
४. येथे सरकारी शिष्यवृत्ती लागू आहे का? नसेल तर का नाही?

'शंभर टक्के नोकरीची हमी' असे कोणी म्हणाले तर मागच्या दोन वर्षांच्या मुलांना भेटवा म्हणावे. कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही शिकवण आपल्याला कालामांच्या उपदेशापासून आहे. प्रवेशालाही ती लागू करा.

शेवटी एक विनंती. आपल्या विहारात परित्राण पाठ होतो, जयंतीची वर्गणी जमते. त्याच विहारात मे-जून महिन्यांत एक रविवार दहावी-बारावीच्या मुलांसाठी ठेवा. वस्तीतली लॅबमध्ये काम करणारी एखादी ताई, एम.एस्सी. करणारा एखादा दादा यांना बोलवा. अर्ज भरायला एक मोबाइल आणि एक जाणकार पुरे होतो. नीटमध्ये मागे पडलेल्या मुलीला त्या दिवशी एवढे जरी कळले की आरोग्याच्या घराला दुसरेही दार आहे, तरी तिचे वर्ष वाचेल.

जयभीम! नमो बुद्धाय!