गळाच्या काठीला बुचाची मूठ

गळाने मासे धरण्याच्या आपल्याकडील साध्या वेळूच्या काठीला निराळी मूठ नसते. हौशी मासेमाराची काचतंतूंची वा कार्बनतंतूंची काठी मात्र बारीक व गुळगुळीत असल्याने तिला मूठ लागतेच. कृत्रिम फेसाच्या मुठी आता सर्रास मिळतात. तरीही जाणकारांची पसंती बुचालाच आहे. बूच हलके असते, भिजले तरी हातातून निसटत नाही आणि थंडीत बोटांना गार लागत नाही. त्याच्या असंख्य सूक्ष्म पेशींत हवा कोंडलेली असते. १६६५ साली रॉबर्ट हूक याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या या कप्प्यांवरूनच ‘पेशी’ या अर्थाचा शब्द विज्ञानात रूढ झाला.

बूच ही ‘क्वेर्कस सुबेर’ या ओक वृक्षाची बाहेरची साल होय. जगातील सुमारे निम्मे बूच एकट्या पोर्तुगालमध्ये निघते. (आपण ज्याला बुचाचे झाड म्हणतो, ते पांढऱ्या सुगंधी फुलांचे झाड याच्या कुळातले नव्हे. त्याच्या सालीचे बूच हलक्या प्रतीचे असते.)

या धंद्याचे मर्म कुऱ्हाडीच्या घावात आहे. झाड सुमारे पंचवीस वर्षांचे झाल्यावर उन्हाळ्यात प्रथम साल काढतात. त्या दिवसांत ती सहज सुटते. पोर्तुगालच्या कायद्यानुसार पुढील काढणी नऊ वर्षांच्या आत करता येत नाही. पहिली साल ओबडधोबड निघते. उत्तम प्रतीचे बूच तिसऱ्या काढणीपासून, म्हणजे झाडाने चाळिशी ओलांडल्यावर मिळू लागते. घाव खोल जाऊन आतील जिवंत साल दुखावली, तर त्या जागी पुन्हा बूच धरत नाही. म्हणून हे काम नवख्याच्या हाती देत नाहीत आणि त्याची मजुरीही शेतीच्या इतर कामांहून चढी असते. काढणीनंतर खोडावर त्या वर्षाचा शेवटचा अंक रंगवतात. २०२४ साली सोललेल्या झाडावर ४ हा अंक असतो; पुढची पाळी कधी, हे त्यावरून कोणालाही कळते. झाड तोडावे लागत नाही, हे विशेष.

काढलेल्या साली उकळून सपाट करतात आणि त्यांतून मधोमध भोक असलेल्या चकत्या कापतात. मुठीसाठीची चकती साधारणपणे १२ मिलिमीटर जाडीची असते. मूठ मापाची हवी असल्यास वापरणाऱ्याचा पंजा आधी मोजावा. चकत्या सळईत ओवून एकमेकींना जलरोधक सरसाने जोडाव्यात. सळईला आधी मेण लावले नाही, तर तीही मुठीलाच चिकटून बसते! दोन्ही टोकांनी दाब देऊन रात्रभर ठेवावे. दुसऱ्या दिवशी कातावर फिरवून काचकागदाने घासावे: प्रथम जाड, मग बारीक. येथे घाई नको. बूच मऊ असल्याने क्षणात नको तेवढे झिजते. खळगे बुचाचा भुसा व सरस यांच्या लगद्याने भरावेत. काठी टोकाकडे निमुळती होत जाते, म्हणून भोक गोल कानशीने हळूहळू, काठीवर पुन्हापुन्हा बसवून पाहत वाढवावे. सैल भोक नुसत्या सरसाने भरून काढलेली मूठ पुढे हलू लागते.

तयार मूठ वापराने काळवंडते. ती साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी. तीवर व्हार्निश देऊ नये. त्याने ओल्या हाताची पकड जाते.